किर्गिझस्तानात गाइडशिवाय ५-६ दिवसांचा ट्रेक करायचा असेल, तर नेमकी तयारी काय करावी?

तुम्ही दोघं, सह्याद्रीत आठ वर्षांची भटकंती, तंबू-स्टोव्ह पाठीवर घेऊन फिरायची सवय, ऑगस्टमध्ये दहा दिवसांची सुट्टी आणि उंचीचा अनुभव जवळपास शून्य. प्रश्नात एवढं दिलंय. जमेल. पण वाट कोणती आणि कुठल्या दिशेने, हे आधी ठरवा, कारण निम्मी तयारी तिथेच होते.

माझ्या मते तुमच्यासाठी कराकोल शहराच्या दक्षिणेची तेरस्केय अला-तू डोंगररांग योग्य आहे: जेती-ओगुझ, टेलेटी खिंड, कराकोल दरी, अला-कोल तलाव, अल्तिन-अराशान आणि शेवटी अक-सू गाव. खान तेंग्री शिखर, इनिल्चेक हिमनदी वगैरे नावं फोटो पाहून मोहात पाडतील, पण तो भाग चीनच्या सीमेलगत आहे. तिथे सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो आणि हिमनदीवर चालावं लागतं. पहिल्या खेपेला ते नको. कराकोलच्या वाटेला असा परवाना लागत नाही, फक्त राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क असतं. भारतीयांना व्हिसा लागतो, तो ऑनलाइन काढा.

आता उंचीचं गणित. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. कराकोल शहर त्याहून उंचावर वसलंय, साधारण १७५० मीटरवर. म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर जिथे संपतं तिथे तुमचं हॉटेल. टेलेटी खिंड सुमारे ३८०० मीटर, अला-कोल तलाव सुमारे ३५३० आणि त्यावरची खिंड ३९०० च्या आसपास. बहुतेक लोक राजधानी बिश्केकहून (उंची जेमतेम ८०० मीटर) येतात, दुसऱ्या दिवशी थेट कराकोल दरीत शिरतात आणि तिसऱ्या रात्री तलावाकाठी डोकं धरून बसतात. जेती-ओगुझकडून गेलात तर मुक्काम साधारण असे पडतात: २५०० मीटर, ३००० मीटर, मग टेलेटी ओलांडून पुन्हा २५००, त्यानंतर २९००. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणं आपोआप साधतं. उलट दिशेने गेलात तर हा फायदा जातो. शिवाय अला-कोल खिंडीचा पूर्वेकडचा निखळ घसारा (सुट्या दगड-मातीचा उतार) सगळं ओझं पाठीवर असताना चढावा लागतो. तो उतरायलाच पुरेसा त्रासदायक आहे.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची तर प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अॅलर्जी असेल तर भानगड होते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि घरी एक दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला जावं लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. नुसतं डोकं दुखत असेल तर तिथेच थांबा, चढू नका. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालताना तोल जात असेल, किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, जोडीदाराला घेऊन खाली उतरायचं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

सह्याद्रीतल्या माणसाला इथे सगळ्यात जास्त फसवतं ते घड्याळ. आपल्याकडे उशिरा निघालं तर उन्हाचा त्रास होतो, फार तर अंधार पडतो. तिथे दुपारनंतर डोंगरच बदलतो. हिमनद्या उन्हात वितळतात, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी पाचला मांडीपर्यंत येतो. ऑगस्टमध्ये तर वितळण्याचा जोर असतोच. ढगही दुपारी जमतात आणि विजा खिंडीवरच पडतात. म्हणून खिंडीच्या दिवशी साडेचारचा गजर, सहाला तंबू आवरून चालायला सुरुवात आणि अकराच्या आत माथा. अकरा वाजून गेले, माथा अजून तासभर लांब आहे आणि ढग काळे दिसतायत, तर मागे फिरा. ट्रेकिंगच्या काठ्या गुणगुणायला लागल्या किंवा अंगावरचे केस उभे राहिले, तर माथा सोडून लगेच खाली पळा. काठ्या बाजूला टाका.

ओढा पायी ओलांडायचा असेल तर तो पहाटे. वाट जिथे पाण्यात उतरते तिथेच उतरायचं असं नाही. वर-खाली शंभर-दोनशे मीटर फिरून प्रवाह फाटून पसरट झालाय अशी जागा शोधा. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच खोली आणि जोर असतो. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येते. अनवाणी जाऊ नका, पट्ट्यांच्या सँडल घाला. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, एका वेळी एकच पाय उचला, दोघं एकमेकांना धरून. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचं असेल, किंवा तळाशी धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल, तर जायचं नाही. अलीकडे तंबू टाका, पहाटेपर्यंत पाणी उतरतं. कराकोल नदी मात्र कुठल्याच वेळी पायी ओलांडायच्या लायकीची नाही. टेलेटी उतरलात की पूल गाठा, त्यासाठी किलोमीटरभर जास्त चालावं लागलं तरी.

वाट दिवसावार अशी. पहिल्या दिवशी कराकोलहून टॅक्सीने जेती-ओगुझ कुरोर्ट (आरोग्यधाम). लाल खडकांचे ते ‘सात बैल’ इथेच आहेत. मग दरीतून वर टेलेटी ओढ्याच्या तोंडापर्यंत, चाल सोपी. दुसऱ्या दिवशी टेलेटीच्या दरीत वर, खिंडीच्या अलीकडच्या कुरणात मुक्काम. इथे दिवस छोटा होतो, होऊ द्या. तिसरा दिवस टेलेटीचा. खिंडीजवळ दगडांचा पसारा आहे, वाट मध्येच हरवते आणि ढोरवाटा भलतीकडे नेतात (कुरणात असतात त्या मेंढ्यांच्या आणि घोड्यांच्या, पण चकवा तोच). चौथ्या दिवशी कराकोल दरीतून पूल ओलांडून सिरोता कॅम्पपर्यंत, झाडांच्या शेवटच्या टप्प्यात, २९०० मीटरवर. डोकं हलकं असेल आणि दुपार झाली नसेल तर पुढे तलाव गाठता येतो. चढ ६०० मीटरहून जास्त, धबधब्यांच्या बाजूने, खडा. मी सिरोतालाच थांबा म्हणेन. तलावाकाठी रात्री वारा आणि थंडी दोन्ही जोरदार असतात, आणि सपाट जागांसाठी गर्दी होते.

पाचवा दिवस सगळ्यात मोठा. तलावाच्या उत्तरेकडच्या काठावरून वाट हळूहळू चढत खिंडीत जाते. तिथून सगळे हिमशिखरांचे फोटो काढतात आणि मग पलीकडे बघून गप्प होतात. उतार तीव्र आणि सगळा सुटा. जुलैच्या सुरुवातीपर्यंत इथे बर्फ असतो आणि मग बुटांना लावायच्या काटेरी साखळ्या लागतात. ऑगस्टमध्ये बहुधा घसाराच. आपल्याकडच्या घसाऱ्यात बसून उतरायची सवय असते, ती इथे मोडा. उभे राहा, गुडघे किंचित वाकवा, टाच रोवून छोटी पावलं टाका, दगडांबरोबर थोडं घसरू द्या. काठ्यांच्या मनगटातल्या दोऱ्या काढून ठेवा. दोघांनी एकाखाली एक अजिबात राहायचं नाही. तिरकं अंतर ठेवा किंवा एकाने आडोशाला थांबून दुसऱ्याला जाऊ द्यावं. दगड सुटला की ओरडायचं, भाषा कुठलीही चालते. पहिले दोन-तीनशे मीटर असे आहेत, नंतर केल्डिकेच्या दरीतून लांबलचक उतरण अल्तिन-अराशानपर्यंत, २५०० मीटरवर. गुडघे इथे बोलतात. सहाव्या दिवशी जीपच्या खडबडीत रस्त्याने अक-सू, साधारण १४ किलोमीटर, तिथून मारश्रुत्काने (प्रवासी मिनीबसने) कराकोल.

सामानात तीन गोष्टींवर पैसे खर्च करा, बाकी सह्याद्रीतलं चालेल. पहिली स्लीपिंग बॅग. ‘कम्फर्ट’ तापमान उणे ५ असलेली घ्या. ‘एक्स्ट्रीम’ म्हणून छापलेला आकडा जिवंत राहण्याचा असतो, झोप लागण्याचा नव्हे. दुसरी मॅट. आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) निदान ३.५ हवी, नाहीतर बॅग कितीही चांगली असली तरी थंडी जमिनीतून येते. तिसरी बूट. हंटर शूज कातळावर आणि गवतावर उत्तम, पण त्या घसाऱ्यात दोन तासांत कापड फाटतं आणि आत खडे भरतात. घोटा झाकणारे, कडक तळव्याचे बूट घ्या आणि निदान पन्नास किलोमीटर चालून ते पायात रुळवून घ्या. ऑगस्टमध्येही हिम पडू शकतं, त्यामुळे हातमोजे, लोकरी टोपी, पातळ डाऊन जॅकेट आणि खरंखुरं वॉटरप्रूफ जॅकेट हवंच. पोंचो वाऱ्यात कुचकामी. खाण्यासकट सॅक १५ किलोच्या आत ठेवा.

गॅसचं डबडं विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. फिरकीचे कॅनिस्टर कराकोलला मिळतात, म्हणून स्टोव्ह त्या जातीचाच न्या, आणि नीट धुऊन वाळवून. गॅसचा वास आला तर स्टोव्हही काढून घेतात. दोघांना दिवसाला तीन लिटर पाणी उकळायला थंडी-वाऱ्यात ७० ग्रॅमच्या आसपास गॅस धरा. सहा दिवसांना ४५० ग्रॅमचं एक डबडं पुरतं. रात्री ते बॅगेत घेऊन झोपा, गार डबड्याला जोर नसतो.

शिजवण्याचं म्हणाल तर ३५०० मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. डाळ-तांदूळ शिजत नाही, फक्त गॅस जळतो. जाड पोहे, भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, सातूचं पीठ, नूडल्स, मेतकूट हे गरम पाणी ओतून भागणारे प्रकार न्या. दर माणशी दिवसाला ६५० ग्रॅम कोरडं खाणं, त्यात शेंगदाणे, सुकामेवा, लाडू भरपूर, म्हणजे तीन हजार कॅलरींच्या आसपास जातं. उंचीवर भूक मरते, तेव्हा शेवटी गोडच खाल्लं जातं. सुकामेवा आणि नान कराकोलच्या बाजारात छान मिळतात. शाकाहारी असाल तर युर्टमधल्या (मेंढपाळांच्या गोल तंबूतल्या) जेवणावर विसंबू नका. तिथे ‘मांस नाही’ म्हणजे तुकडे बाजूला काढलेत, असाही अर्थ निघतो. कराकोलचं आश्लान-फू, म्हणजे थंडगार तिखट-आंबट नूडल्स, बहुधा बिनमांसाचं असतं, तरी विचारून घ्या.

पाणी दिसायला आरशासारखं, पण वरच्या कुरणात, म्हणजे जायलूत, सगळीकडे जनावरं असतात. फिल्टर करा किंवा उकळा. हिमनदीच्या दुधट पाण्यातल्या बारीक गाळाने फिल्टर तुंबतो, म्हणून ते भांड्यात रात्रभर निवळू द्या. फिल्टर ओला असताना गोठला की निकामी होतो आणि बाहेरून ते कळत नाही. तोही रात्री बॅगेत. मेंढपाळांची कुत्री अंगावर आली तर पळू नका, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा.

दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्या, दोघांच्या फोनमध्ये, आणि फोन रात्री गरम ठेवा. सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) भारतातून नेऊ नका. इथे परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांवर यावरून कारवाई झाली. कराकोलला भाड्याने मिळाला तर तिथेच घ्या आणि तिथेच परत करा. विमा काढताना ४००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर ही दोन्ही नावं पॉलिसीत लिहिलेली आहेत का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात ती सहसा नसतात. आपत्कालीन क्रमांक ११२, पण तो लावायला रेंज हवी. म्हणून गेस्टहाउसमध्ये वाट आणि परतायची तारीख लिहून ठेवा.

दहा दिवसांत सहा चालण्याचे, तीन ये-जा आणि कराकोलचे, उरतो एक. तो खरेदीत घालवू नका. हवा बिघडली तर टेलेटीखाली किंवा सिरोताला तंबूत पडून राहायला तोच कामी येतो. नाही लागला तर अल्तिन-अराशानला जादा रात्र राहा, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत.