कार्टिलेज परत वाढवता येतं का?

प्रश्न: हाड मोडलं तर जुळून येतं, मग गुडघ्यातलं कार्टिलेज, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, का भरत नाही? आणि ते जेल टाकून वाढवतात म्हणतात ते नक्की काय असतं?

उत्तर: अहो, कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्याच नसतात, पेशीही मोजक्याच, मग दुरुस्तीला येणार कोण! जेल म्हणजे हायड्रोजेल, पाणी धरून ठेवणारं जाळं, त्यात पेशी बसवतात, कारण खरं कार्टिलेजही साधारण 70-80 टक्के पाणीच असतं ना. 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘मॅसी’ या उपचारात तर पेशंटच्याच पेशी लॅबमध्ये वाढवून डुकराच्या कोलॅजन या प्रथिनाच्या पातळ पडद्यावर बसवतात आणि तो पडदा मापाने कापून कार्टिलेजला पडलेल्या खड्ड्यात चिकटवतात. मला खरी काळजी वाटते ती पुढची, नवीन भरलेला भाग बऱ्याचदा तंतुमय होतो, मूळचा गुळगुळीतपणा येत नाही. आणि हे एखाद्या खड्ड्यासाठी आहे बरं का, सगळा गुडघाच झिजला असेल तर नाही.