चाचणीत मी ‘व्हिज्युअल लर्नर’ निघालो, तरी व्हिडिओ पाहून काहीच लक्षात का राहत नाही?

तुम्ही लिहिलंय की कुडाळला घरी राहून राज्यसेवेची तयारी करताय. कुठल्याशा ऑनलाइन चाचणीने तुम्हाला ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे डोळ्यांनी पाहून शिकणारे, ठरवलं, तेव्हापासून पुस्तकं बाजूला पडली आणि यूट्यूबवरची व्याख्यानं सुरू झाली. पाहताना सगळं समजतं, पण आठ दिवसांनी कुणी विचारलं की पाटी कोरी. चूक चाचणीची की तुमची, असं तुम्ही विचारताय.

चाचणीचीच म्हणेन मी. निदान तिच्या निकालाचा जो अर्थ सगळीकडे लावला जातो, त्याची तरी.

डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हातांनी करून शिकणारे, ही चार खान्यांची ‘वार्क’ नावाची मांडणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची. त्यांचा आणि कॉलीन मिल्स यांचा त्यावरचा लेख १९९२चा. ही प्रश्नावली तुम्हाला काय आवडतं ते विचारते. काय लक्षात राहतं, ते ती मोजतच नाही. मला तळलेली सुरमई आवडते म्हणून ती मला मानवतेच असं नाही.

२००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी, ज्याच्या त्याच्या शिकण्याच्या ‘शैली’नुसार शिकवलं तर जास्त लक्षात राहतं, या सिद्धान्तावरचं संशोधन तपासलं. त्यांची अट साधी होती. ‘डोळेवाले’ आणि ‘कानवाले’ वेगळे करा, दोन्ही गटांतल्या अर्ध्यांना चित्रांनी आणि अर्ध्यांना ऐकवून शिकवा, शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्या. डोळेवाल्यांना चित्रांनी आणि कानवाल्यांना ऐकून जास्त गुण मिळाले, तरच सिद्धान्त खरा. या कसोटीला उतरेल असा पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. ‘शैली’नुसार शिकवा, असं सांगणारी प्रशिक्षणं मात्र शिक्षकांना आजही दिली जातात.

हे मला पटायला फार वेळ लागला नाही, कारण आमची दापोलीजवळ रोपवाटिका आहे आणि पावसाळ्यात कोय कलम शिकायला नवी मुलं येतात. रायवळ आंब्याचा बाठा रुजला, रोप पंधरा दिवसांच्या आतलं आणि पानं अजून तांबूस असली की ते वितीपेक्षा कमी उंचीवर छाटायचं. मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी खालून दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. आता सांगा, हे कुठल्या ‘शैली’ने शिकणार? पाचरीला उतार किती, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. खुंटाची, म्हणजे खालच्या रोपाची, आणि काडीची साल निदान एका बाजूने तरी जुळलीच पाहिजे, कारण जोड तिथूनच धरतो. हे कारण कुणीतरी तोंडाने सांगावंच लागतं, नुसतं बघून ते दिसत नाही. आणि पट्टी किती आवळायची ते फक्त बोटांना कळतं. ‘मी बघून शिकतो’ म्हणणारा मुलगा आणि ‘मला सांगा, मी करतो’ म्हणणारा मुलगा, दोघांनाही या तिन्ही वाटांनी जावं लागतं. कसं शिकायचं हे माणसापेक्षा ती गोष्टच जास्त ठरवते. नकाशा पाहायचाच असतो, उच्चार ऐकायचाच असतो.

आणखी एक. मी बांधताना पाहणारी मुलं मान डोलावतात, ‘कळलं’ म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. चाकू हातात दिला की पहिली पाचर वाकडी येते. तुमचं व्हिडिओंच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. चांगला शिक्षक ओघाने सांगत असतो तेव्हा ओघ त्याचा असतो आणि आपल्याला वाटतं की तो आपल्या डोक्यात उतरला.

यावरचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून, नंतर न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

तुमच्या भागातले दशावतारी घ्या. त्यांच्याकडे लिखित संहिता नसते. आजचं आख्यान कोणतं ते ठरतं आणि संवाद रंगमंचावरच उभे राहतात. नवा पोरगा कंपनीबरोबर फिरत, लहानसहान भूमिका करत तयार होतो. रोज रात्री आठवून बोलावं लागतं, समोर प्रेक्षक असतात, चुकलं की लगेच कळतं. आख्यानं त्याच्या डोक्यात पक्की बसतात ती त्यामुळे.

तर, व्हिडिओ सोडू नका, पण संपला की लगेच पुढचा लावू नका. कोरा कागद घ्या. कोकणातल्या नद्या पाहिल्या असतील तर किनाऱ्याची रेघ आठवणीने ओढा आणि उत्तरेकडून खाली या: सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, वाघोटन विजयदुर्गला, तेरेखोल गोव्याच्या हद्दीवर. जे अडेल तेवढंच पुन्हा पाहा. मग दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत, पुस्तक मिटून. मध्ये थोडं विसरू द्या, त्याची भीती नको. विसरायला लागलेलं ओढून काढावं लागतं, तेव्हाच ते घट्ट बसतं.

घाटांसारखी गोंधळ करणारी माहिती वेगवेगळी घोकू नका. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली एकत्र मिसळून स्वतःला विचारा, कोणता चिपळूण-कऱ्हाड आणि कोणता सावंतवाडी-बेळगाव. परीक्षेत पर्याय असेच एकमेकांना चिकटून येतात. आणि घरात कुणी ऐकणारं असेल तर त्यांना मालवणीत समजावून सांगा. व्याख्यानातली वाक्यं तिथे चालत नाहीत, त्यामुळे कुठे कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

हे सगळं सुरुवातीला जड जाईल आणि प्रगती कमी वाटेल. त्या वाटण्यावर जाऊ नका.

माणसामाणसांत फरक नसतो असं मी म्हणत नाही. कुणाला डिसलेक्सिया असतो, कुणाला कमी ऐकू येतं, त्यांना वेगळी सोय हवीच. सगळ्यात मोठा फरक मात्र आधी काय माहीत आहे त्याचा पडतो. तुमची शाळा मराठी माध्यमाची आणि व्याख्यान इंग्रजीमिश्रित असेल, तर आधी त्या प्रकरणाचं मराठी पुस्तक वाचा आणि मग व्हिडिओ पाहा.

माझ्यावरही विश्वास ठेवायची गरज नाही. सारख्याच अवघड अशा दोन प्रकरणांपैकी एक नुसतं पाहा, तेही दोनदा. दुसरं एकदा पाहा आणि तेवढाच वेळ आठवून लिहिण्यात घालवा. आठ दिवसांनी दोन्हींवरचे प्रश्न सोडवा. प्रश्न शोधत बसू नका, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.