वाचकांचे प्रश्न : कलम ८२१ आणि तोक्योतील परदेशी कंपन्यांची रदबदली

प्रश्न : माझा भाचा पुण्यात जपानी भाषा शिकला आणि गेली काही वर्षे तोक्योत एका परदेशी वित्तसंस्थेत नोकरी करतो. कंपनी नावाने अमेरिकी, नोंदणीने केमन बेटांवरची आणि कामकाज मात्र बहुतेक सगळे तोक्योत, असा प्रकार आहे. तिथल्या जुन्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात अजूनही ‘कलम ८२१’चा विषय निघतो. परदेशी व्यापारी संघटनांनी आरडाओरडा करून जपानी संसदेला माघार घ्यायला लावली, असे ते सांगतात. हे खरे आहे का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : निम्मे खरे आहे. आरडाओरडा झाला आणि संसदेने त्याची दखलही घेतली, पण माघार कोणी घेतली नाही, कारण ते कलम कायद्यात जसेच्या तसे राहिले.

जपानमध्ये कंपन्यांविषयीचे नियम पूर्वी व्यापारसंहितेत आणि इतर काही कायद्यांत विखुरलेले होते. ते एकत्र करून २००५ साली स्वतंत्र कंपनी कायदा संमत झाला आणि १ मे २००६ पासून तो अमलात आला. त्यातले कलम ८२१ अवघ्या दोन वाक्यांचे आहे. जिचे मुख्यालय जपानमध्ये आहे किंवा जपानमध्ये व्यवसाय करणे हाच जिचा मुख्य हेतू आहे, अशा परदेशी कंपनीला जपानमध्ये सातत्याने व्यवहार करता येणार नाहीत, असे पहिले वाक्य सांगते. दुसरे वाक्य अधिक बोचरे आहे. ही मनाई मोडून ज्याने व्यवहार केला, त्याच्यावर त्या व्यवहारातले देणे कंपनीच्या बरोबरीने फेडण्याची जबाबदारी येते. म्हणजे तोक्योतील शाखेच्या वतीने एखाद्या मोठ्या करारावर सही करणाऱ्या माणसाने त्या रकमेपोटी स्वतःचे घरदार पणाला लावायचे. अशा कंपनीला तिथले कायदेपंडित ‘गिजी गाइकोकु गाइशा’ म्हणतात. परदेशीपणाचे सोंग घेतलेली कंपनी, असा त्याचा मथितार्थ.

तरतुदीमागचा हेतू वावगा नव्हता. सारा धंदा जपानमध्ये करायचा आणि तिथले नियम चुकवण्यासाठी नोंदणी तेवढी दूरच्या बेटावर ठेवायची, ही पळवाट बुजवण्याचा तो प्रयत्न होता. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातही, परदेशी कंपनीचे निम्मे किंवा अधिक भागभांडवल भारतीय नागरिकांकडे वा भारतीय कंपन्यांकडे असेल, तर इथल्या व्यवसायापुरते तिला भारतीय कंपनीसारखेच नियम पाळावे लागतात (कलम ३७९). शिवाय जपानच्या जुन्या व्यापारसंहितेतही कलम ४८२ होतेच, आणि त्याच्या प्रचलित अर्थानुसार अशा कंपनीचे कायदेशीर अस्तित्वच नाकारता येत असे. त्या मानाने नवे कलम सौम्य आहे, असे न्याय मंत्रालयाला म्हणता येत होते आणि त्यात तथ्यही होते. पण जुने कलम धूळ खात पडलेले होते, तर हे कोऱ्या कायद्यात, वैयक्तिक जबाबदारीच्या वाक्यासह, ठळकपणे लिहिलेले होते.

परदेशी रोखे कंपन्या या कचाट्यात सापडल्या कशा, ही गंमत पाहण्यासारखी आहे. बँक आणि रोखे हे दोन व्यवसाय एकमेकांपासून दूर ठेवण्याचे जपानचे जुने धोरण होते, आणि बाहेरच्या रोखे कंपन्यांना परवाना मिळे तो शाखेच्या रूपाने. त्यामुळे अनेक मोठ्या समूहांनी केमन बेटे, ब्रिटिश व्हर्जिन बेटे किंवा हाँगकाँग अशा ठिकाणी खास जपानसाठी एक कंपनी काढली आणि तिची शाखा तोक्योत उघडली. हे सगळे सरकारी परवान्याने, उघडपणे झाले होते. एका मंत्रालयाने दाखवलेल्या दाराला दुसऱ्या मंत्रालयाने बाहेरून कडी घातली, असेच त्या कंपन्यांना वाटले असणार.

विधेयक मार्च २००५ मध्ये संसदेत आले. जपानमधील अमेरिकी चेंबर ऑफ कॉमर्स ही १९४८ पासूनची संघटना आणि तिच्या जोडीला युरोपीय कंपन्यांची परिषद. दोघींकडे वकिलांची फौज असते. तरीही त्यांचा खरा गलबला सुरू झाला तो विधेयक कनिष्ठ सभागृहातून मे महिन्यात पार पडल्यानंतर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. जपानमध्ये कंपनी कायद्याचा मसुदा न्याय मंत्रालयाच्या ‘होसेइ शिंगिकाइ’ या सल्लागार मंडळात, प्राध्यापक, न्यायाधीश आणि उद्योगांचे प्रतिनिधी यांच्या बैठकांत, वर्षानुवर्षे शिजतो. संसदेत येईपर्यंत तो इतका आटलेला असतो, की त्यात पाणी घालायला जागा उरत नाही.

मग हाती काय लागले? कलम वगळा किंवा बदला, ही मागणी फेटाळली गेली. मात्र वरिष्ठ सभागृहाच्या चर्चेत तत्कालीन न्यायमंत्री चिएको नोनो यांच्याकडून, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या विद्यमान कंपन्यांवर या कलमाचा परिणाम होणार नाही अशा अर्थाची उत्तरे नोंदवून घेण्यात आली, आणि जूनअखेर विधेयक मंजूर होताना त्या सभागृहाच्या समितीने एक ‘फुताइ केत्सुगी’, म्हणजे पुरवणी ठराव, केला. जपानी कंपनी कायद्यातून पळवाट काढण्याला आळा घालणे एवढाच या कलमाचा हेतू आहे. आधीपासूनच्या परदेशी कंपन्यांना आणि पुढील गुंतवणुकीला त्याची झळ बसू नये. अंमलबजावणीनंतरचा परिणाम पाहून गरज पडल्यास फेरविचार करावा, असा त्याचा आशय होता. असा ठराव न्यायालयावर बंधनकारक नसतो, पण कलमाचा अर्थ लावताना मंत्रालयाला तो डोळ्याआड करता येत नाही. परदेशी संघटनांनी याला विजय म्हटले असते तर ती फुशारकी ठरली असती. तरीही कायद्याच्या शब्दाला हात न लावता त्याच्या अर्थाला कुंपण घालून घेणे, हे जपानमधल्या रदबदलीचे अगदी अस्सल रूप आहे.

ठरावावर विसंबून सगळेच स्वस्थ बसले नाहीत. गोल्डमन सॅक्सने २००६ मध्ये आपल्या तोक्यो शाखेचा कारभार जपानमध्ये नोंदलेल्या ‘काबुशिकी काइशा’कडे, म्हणजे तिथल्या भागभांडवली कंपनीकडे, सोपवला आणि इतर काही समूहांनीही तोच मार्ग धरला. माझ्या मते ते शहाणपणाचे होते; सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ठरावाची प्रत दाखवून धीर देता येत नाही. आपल्या भाच्याच्या कंपनीचा काही व्यवसाय जपानबाहेरही खरोखर चालत असेल, तर कलमाच्या सरकारी अर्थानुसार काळजीचे कारण फारसे नाही. तिची नोंद त्याला स्वतः पाहता येईल. ‘होमुक्योकु’ या न्यायविषयक स्थानिक कार्यालयात ६०० येन भरले, की परदेशी कंपनीच्या नोंदणीचा उतारा मिळतो आणि त्यात तिची स्थापना कोणत्या कायद्याखाली झाली व जपानमधील प्रतिनिधी कोण, हे लिहिलेले असते.

प्रश्न : कंपनी सचिवाच्या अभ्यासक्रमाची तयारी करताना जपानमधील ‘त्रिकोणी विलीनीकरणा’चा उल्लेख वाचला. त्या तरतुदीसाठीही परदेशी कंपन्यांनीच जोर लावला होता का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : होय, आणि त्यात त्यांना बरेच अधिक यश आले, जरी त्याचा उपयोग फार थोड्यांनी केला. परदेशी कंपनी आणि जपानी कंपनी यांचे थेट विलीनीकरण जपानी कायद्यात बसत नाही. म्हणून परदेशी कंपनी जपानमध्ये एक उपकंपनी काढते, ती उपकंपनी लक्ष्य कंपनीला, म्हणजे जी ताब्यात घ्यायची त्या जपानी कंपनीला, आपल्यात सामावून घेते आणि लक्ष्य कंपनीच्या भागधारकांना मोबदला म्हणून परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळतात. अमेरिकी सरकार त्या काळी जपानला दरवर्षी देत असलेल्या सुधारणांच्या मागणीपत्रांतही हा विषय होता.

कंपनी कायद्यात ही सोय आली, पण तिची अंमलबजावणी एक वर्ष लांबवून १ मे २००७ वर ढकलण्यात आली. त्याला निमित्त घडले फेब्रुवारी २००५ मधले. लाइव्हडोअर या इंटरनेट कंपनीने निप्पॉन ब्रॉडकास्टिंगचे शेअर एका सकाळी अनपेक्षितपणे गोळा केले आणि उद्योगजगतात ताब्यावरच्या हल्ल्यांची भीती पसरली. लाइव्हडोअर ही पूर्णपणे जपानी कंपनी होती; तिच्यामुळे दार मात्र परदेशी लोकांसाठी लावले गेले! खरे तर त्रिकोणी विलीनीकरणाला लक्ष्य कंपनीच्या संचालक मंडळाचा करार लागतो आणि भागधारकांच्या सभेत दोन-तृतीयांश मतेही लागतात. ज्या व्यवहाराला नवरीकडच्यांची संमतीच लागते त्याला पळवून नेणे म्हणणे चूक होते. पण केइदानरेन या बड्या उद्योगांच्या महासंघाने सभेतल्या या मंजुरीसाठी याहूनही कडक अट मागितली. ती मान्य झाली नाही.

मुख्य झुंज पुढे कराच्या नियमांवर झाली. शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले, रोख पैसा हातात आला नाही, तरी त्याच क्षणी भागधारकांना नफ्यावर कर भरावा लागला तर अशा व्यवहाराला कोण होकार देणार? म्हणून कर पुढे ढकलण्याची सवलत हवी, आणि ती निव्वळ विलीनीकरणापुरत्या उभ्या केलेल्या उपकंपनीलाही हवी, असा परदेशी चेंबरचा आग्रह होता. २००७ मध्ये सवलत मिळाली, पण कागदी कंपनीला नाही. व्यवसायाची निदान खरी तयारी, म्हणजे जागा, माणसे असे काहीतरी, दाखवणे भाग पडले. सिटीग्रुपने निक्को कॉर्डियल ही रोखे कंपनी जानेवारी २००८ मध्ये शेअरच्या अदलाबदलीने पूर्णपणे आपल्याकडे घेतली, तेव्हा हा मार्ग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदीत सापडलेल्या सिटीने निक्को कॉर्डियलचा रोखे व्यवसाय सुमितोमो मित्सुइ समूहाला विकून टाकला. ज्या परक्या आक्रमणाच्या धसक्याने वर्षभर दार बंद ठेवले होते, त्याचे पुढे हे असे झाले.

प्रश्न : दुसऱ्या देशाच्या कायद्यात असा हात घालणे हा हस्तक्षेप नव्हे का? जपानी लोक हे कसे सहन करतात? – एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

उत्तर : जपानी भाषेत यासाठी ‘गाइआत्सु’, म्हणजे बाहेरचा दाब, असा शब्दच आहे आणि तो तक्रारीच्या सुरात जितका वापरला जातो तितकाच सोयीसाठीही. तिथल्याच कोणाला एखादा बदल हवा असतो, पण स्वतः पुढे होणे अवघड जाते, तेव्हा परदेशी माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवली जाते. १९८९-९० च्या अमेरिका-जपान वाटाघाटींनंतर, १९९३ साली, भागधारकाने कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावण्याचे न्यायालयीन शुल्क ८,२०० येन असे ठरवून टाकण्यात आले. त्याआधी दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात शुल्क मागितले जाण्याची भीती असल्यामुळे मोठ्या रकमेचा दावा सामान्य भागधारकाच्या आवाक्याबाहेरचा होता. या बदलाचा लाभ घेतला तो मुख्यतः जपानी भागधारकांनी आणि त्यांच्या वकिलांनी.

याउलट जिथे घरातला जोडीदार नसतो तिथे बाहेरचा दाब वाया जातो. हाँगकाँगच्या एशियन कॉर्पोरेट गव्हर्नन्स असोसिएशनने मे २००८ मध्ये जपानविषयी श्वेतपत्रिका काढून स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या, संचालकांची मागणी केली. २०११ मध्ये ऑलिंपसचा हिशेबातला गैरव्यवहार बाहेर आला, तरीही केइदानरेनच्या विरोधामुळे सक्ती टळली, आणि २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच सांगितले, की बाहेरचा संचालक नेमला नाही तर तसे नेमणे का योग्य नाही याचा खुलासा करा. आबे सरकारने २०१५ पासून लागू झालेल्या कंपनी कारभाराच्या संहितेत दोन स्वतंत्र संचालकांची अपेक्षा घातल्यानंतर चित्र भराभर पालटले. शेवटी २०१९ च्या दुरुस्तीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक बाहेरचा संचालक सक्तीचा केला आणि ती तरतूद १ मार्च २०२१ रोजी लागू झाली. तोवर जवळजवळ प्रत्येक सूचिबद्ध कंपनीत असा संचालक येऊन बसलेला होता.