भाड्याच्या घरात भिंतीवर काळे डाग आणि पांढरी भुकटी आहे. ही बुरशी की नुसता मळ? साफ कसं करायचं?

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: बेडरूममध्ये कपाटामागे काळे ठिपके, खिडकीखाली पांढरी भुकटी आणि बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत काळपट-गुलाबी थर. घर ठाण्यात, ऐन जुलैत घेतलेलं, आणि घरमालक म्हणतात, ‘मळ आहे, पुसून घ्या.’ मीही ठाण्यात बरीच वर्षं भाड्याने राहते. या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुसायला घेण्याआधी प्रत्येक डागाचा फोटो काढा आणि घरमालकांना व्हॉट्सॲपवर आजच पाठवा, सोबत घराचा ताबा कधी घेतला तेही लिहा. अकरा महिन्यांनी घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचा विषय निघाला, तर डाग तुमच्या आधीपासून होते हे दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

आता काळे ठिपके. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर पाण्यात पातळ केलेलं ब्लीच कापसाच्या बोळ्याने टेकवा. मिनिट-दोन मिनिटांत काळा रंग फिका पडला तर ती बुरशी. तसाच राहिला तर मळ किंवा काजळी समजा. देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर निरांजन-उदबत्तीची काजळी बसते, तिला बरेच जण बुरशी समजतात. पण ती बोटाला लागते, पसरते आणि तिला कुबट वास नसतो. स्वयंपाकघरातला डाग चिकट, मेणचट असेल तर तो तेलाचा राप. त्याला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो.

खिडकीखालची पांढरी भुकटी म्हणजे बहुतेक लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी सिमेंट-विटांमधले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात. थोडी भुकटी पाण्यात टाकून बघा, लोणा बऱ्याच अंशी विरघळतो. तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार पुन्हा भिंतीत जिरतात आणि भिंत सुकली की परत वर येतात. ब्लीचचा इथे काहीच उपयोग नाही.

बाथरूममधला गुलाबी बुळबुळीत थर बहुधा जिवाणूंचा असतो, त्याला साबणाच्या मळीवर पोसायची सवय. आधी साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने सांधे घासा, धुवा, मग एका भागाला दहा भाग पाणी घालून केलेलं ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. आणि हे कळकळीने सांगते: ब्लीच लावताना टॉयलेट क्लीनर, टाइल्सचं ॲसिड किंवा व्हिनेगर त्याच्या जवळही आणू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आपली बाथरूम एवढीशी असतात की तो थेट छातीत जातो. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही त्यात मिसळायचा नाही.

बेडरूमच्या भिंतीवर मात्र ब्लीच ओतू नका. डिस्टेंपरचा रंग उडतो, आणि ब्लीचमधलं पाणी प्लास्टरमध्ये शिरून ओल वाढवतं. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने हलक्या हाताने टिपा, फडकं वरचेवर धुवा, मग पंखा लावून भिंत पूर्ण सुकवा. सुकी बुरशी झाडूने झाडायची नाही, तिचे बीजाणू खोलीभर उडतात. एन-९५ मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल किंवा लहान मूल असेल तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. डाग साधारण तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर स्वतः हात घालू नका, घरमालकांना माणूस लावायला सांगा.

हे सगळं करूनही पाणी कुठून येतंय ते कळलं नाही, तर पंधरवड्यात डाग परत दिसतील. भिंतीवर फूटभर पारदर्शक प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर खोलीतली हवाच ओली आहे. दुसरं असेल तर उपाय तुमच्या हातात आहे: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा. मुसळधार पावसात खिडक्या उघडून घर सुकत नाही, बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या कीड दूर ठेवतात, ओल शोषत नाहीत.

पाणी भिंतीतून येत असेल तर कुठली भिंत ते बघा. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, त्यामुळे पश्चिम-दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला तडे असले की आत ओल येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या सामाईक पाइपमधून किंवा पावसाच्या पाण्याने होणारी गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाझरत असेल तर खर्च त्या सभासदाचा. दोन्ही ठिकाणी लेखी अर्ज सभासदाने, म्हणजे घरमालकांनी द्यायचा असतो. प्लास्टिकवरच्या थेंबांचा फोटो पाठवून त्यांना तो द्यायला लावा.

रंग आत्ता अजिबात लावू देऊ नका. ओल्या भिंतीवरच्या रंगाला पोपडे सुटतात आणि बुरशी त्याखाली वाढतच राहते. गळती दुरुस्त होऊन ऑक्टोबरच्या उन्हात भिंत कोरडी झाली की मग रंगाचं बोलायचं, आणि तो खर्च कुणाचा ते आत्ताच मेसेजवर लिहून घ्या.