परदेशातील चार आठवडे आणि शाश्वत विकास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळी परीक्षांचे वेळापत्रक लागण्याच्या सुमारास परदेशी विद्यापीठांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांत शाश्वत विकासाच्या अभ्यासक्रमांविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती, म्हणून त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण उरलेल्या तिघांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डेन्मार्कमधील एका विद्यापीठाच्या शाश्वत विकासावरील चार आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आहे. वडिलांचे इतवारीत दुकान आहे आणि खर्च ओढून ताणून झेपेल. पण ते विचारतात, की चार आठवड्यांत तिथे असे काय शिकवतात, जे नागपुरात शिकता येत नाही? मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. (एक विद्यार्थिनी, महाल)

उत्तर : वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे. शाश्वत विकासाची व्याख्या, तिचा इतिहास आणि उद्दिष्टांची यादी यांसाठी डेन्मार्कला जाण्याची गरज नाही. नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1987 मध्ये मांडलेली व्याख्या (आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावणारा विकास), 1992 ची रिओ येथील परिषद, 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली 17 उद्दिष्टे आणि त्यांखालची 169 लक्ष्ये हे सारे घरी बसून, ‘स्वयम’सारख्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर किंवा ग्रंथालयात, महिनाभरात वाचून होते. अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा याच गोष्टींत जाणार असेल, तर तेवढी फी वाया गेली असे समजावे.

तिथे जाऊन जे मिळते ते वेगळे असते. एक उदाहरण घेऊ. डेन्मार्कमध्ये कालुनबोर्ग नावाचे लहानसे बंदराचे गाव आहे. तिथले वीज केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, औषधे व विकरे (एन्झाइम) बनवणारे उद्योग, जिप्समचे तक्ते बनवणारा कारखाना आणि नगरपालिका यांच्यात 1970 च्या दशकापासून वाफ, पाणी, वायू आणि टाकाऊ पदार्थ यांची देवाणघेवाण चालत आली आहे. वीज केंद्र कोळशावर चालत होते तेव्हा त्याची वाफ शेजारच्या कारखान्यांना जायची, उरलेल्या उष्णतेवर गावातली घरे उबदार राहायची, धुरातले गंधक काढताना तयार होणारे जिप्सम तक्त्यांच्या कारखान्यात जायचे आणि राख सिमेंटसाठी जायची. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही व्यवस्था कोणा सरकारी आराखड्यातून उभी राहिली नाही. दोन-दोन कारखान्यांनी आपापसांत, आपापल्या फायद्याचे, स्वतंत्र करार केले आणि ते करार एकमेकांना जोडले जाऊन हे जाळे तयार झाले. वाफेच्या नळवाहिनीचा खर्च कोणी केला, वाफेचा दर कसा ठरला, एका बाजूचा पुरवठा बंद पडला तर दुसऱ्याने काय करायचे, हे तिथल्या माणसांना समोरासमोर विचारता येणे, हा त्या चार आठवड्यांचा खरा लाभ.

आता हे विचारण्यासाठी आपल्याजवळ आपला प्रश्न हवा, आणि तो तुमच्या घरापासून फार दूर नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 40 टक्के असते, म्हणजे जाळलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा राख होऊन मागे उरतो. ही राख पूर्णपणे वापरात आणण्याचे बंधन केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने घातले. तरीही जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. दुसरीकडे, भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते, त्यामुळे पेंच धरणाचे तेवढे पाणी वाचते. कालुनबोर्गमध्ये ज्याचे कौतुक करायला जगभरातून लोक येतात, त्याच जातीचे काम आपल्या शहरात चालू आहे आणि त्याच शहरात राखेचा प्रश्न शेतांपर्यंत पोहोचला आहे. हे दोन्ही एकाच वीज केंद्राभोवती कसे घडते, हा तुमचा प्रश्न असू शकतो.

जाण्यापूर्वी एवढे अवश्य करा. राखेच्या विटा बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात जाऊन मालकाशी बोला : राख फुकट मिळते की वाहतुकीचा खर्च पडतो, पावसाळ्यात ओली राख घेता येते का, मातीच्या विटेपेक्षा गिऱ्हाईक ती पसंत करते का. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला ज्यांची शेते आहेत त्यांना भेटा. वर्धा रोडकडून शहरात येताना ज्या ‘नीरी’ची पाटी आपण वाचतो, ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था 1958 पासून नागपुरात आहे, तिचे या विषयावरचे प्रसिद्ध अहवाल वाचा आणि तुमच्या विभागप्रमुखांचे पत्र घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांची वेळ मागा. आपल्याकडच्या मुलांना नीरीचे काम परदेशी प्राध्यापकाच्या तोंडून पहिल्यांदा कळावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. या सगळ्यावरून दोन पानांचे टिपण तयार करून ते अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच तिथल्या प्राध्यापकांना पाठवा. माझ्या अनुभवात, असे टिपण पाठवणाऱ्या विद्यार्थ्याकडे प्राध्यापक वेगळ्या नजरेने पाहतात, आणि बऱ्याचदा त्याला कोणत्या ठिकाणी न्यायचे, कोणाशी गाठ घालून द्यायची, याचा ते आधीच विचार करून ठेवतात.

कालुनबोर्गचे वीज केंद्र आता कोळशाऐवजी लाकडाच्या तुकड्यांवर चालते. कोळसा गेल्यावर जिप्समवर अवलंबून असलेल्या कारखान्याने काय केले, हा प्रश्न तिथे जरूर विचारा. एकाची घाण दुसऱ्याचा कच्चा माल झाली, की ती घाण बंद करणे अवघड होऊन बसते का, हे समजून घेणे कोराडीसाठी आणि पुढे तुमच्या व्यवसायासाठीही फार मोलाचे आहे.

निवड झालेल्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक मात्र आजच मागवून पाहा. प्रत्यक्ष क्षेत्रभेटी किती आहेत, त्या भेटींत कोण बोलणार आहे, शेवटी निबंध किंवा प्रकल्प तपासला जाणार आहे की केवळ हजेरीचे प्रमाणपत्र मिळणार आहे, आणि शिकवणारे त्या विद्यापीठाचे नेहमीचे प्राध्यापक आहेत की बाहेरची एखादी कंपनी विद्यापीठाच्या इमारती भाड्याने घेऊन हा कार्यक्रम चालवते आहे, हे त्यावरून लगेच कळते. शेवटची गोष्ट वाटते त्याहून अधिक वेळा घडते. या सगळ्याची उत्तरे समाधानकारक असतील, तर माझ्या मते तुम्ही जावे, आणि वडिलांना कोराडीची ही गोष्टच सांगावी.

प्रश्न : मी ज्या अभ्यासक्रमाला जात आहे, त्याच्या माहितीपत्रकात 7.5 ईसीटीएस क्रेडिट (युरोपात अभ्यासाचे काम मोजण्याचे एकक) असे लिहिले आहे. हे क्रेडिट माझ्या नागपुरातील पदवीत धरले जातील का? (एक विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : ते आपोआप धरले जात नाहीत. जाण्यापूर्वी महाविद्यालयाला आणि विद्यापीठाच्या संबंधित विभागाला अभ्यासक्रमाचा आराखडा, तासांची विभागणी आणि मूल्यमापनाची पद्धत जोडून अर्ज द्यावा व उत्तर लेखी घ्यावे. परत आल्यावर गुणपत्रिका दाखवून केलेली विनंती सहसा लांबणीवर पडते. दोन्ही संस्थांमध्ये सामंजस्य करार असेल, तर काम सोपे होते.

या आकड्याचा दुसराही उपयोग आहे. युरोपात पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाला 60 ईसीटीएस क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे वर्ग, वाचन, लेखन मिळून 25 ते 30 तासांचे काम अपेक्षित असते. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही एका क्रेडिटला 30 तास धरले आहेत, त्यामुळे तुलना सोपी जाते. म्हणजे 7.5 क्रेडिट म्हणजे साधारण 190 ते 225 तास. चार आठवडे रोज आठ तास, आठवड्यातून पाच दिवस धरले, तर 160 तास होतात. उरलेले काम आधीच्या वाचनात आणि नंतरच्या निबंधात असायला हवे. ते तुमच्या माहितीपत्रकात दिसत असेल, तर अभ्यासक्रम गंभीर आहे. दोन आठवड्यांत 10 क्रेडिट देऊ करणाऱ्या जाहिरातीकडे मात्र याच हिशेबाने पाहावे.

प्रश्न : पर्यावरण वाचवण्याचा अभ्यास करायला विमानाने हजारो किलोमीटर जायचे, यात विसंगती नाही का? माझ्या विद्यार्थिनी मला हे विचारतात. (एक शिक्षिका, लक्ष्मीनगर)

उत्तर : विसंगती आहे आणि ती शब्दांनी झाकू नये. मुंबईहून उत्तर युरोपात जाऊन परत येणाऱ्या एका प्रवाशाच्या वाट्याला साधारण एक टन किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड येतो. भारतात दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे. म्हणजे एका प्रवासात आपल्या सरासरी माणसाच्या सहा महिन्यांइतके उत्सर्जन होते. झाडे लावण्यासाठी पैसे भरून ते फिटते असे मला वाटत नाही, कारण झाडाला तेवढा कार्बन शोषायला अनेक वर्षे लागतात आणि धूर आजच सुटतो.

म्हणून विद्यार्थिनींना एवढेच सांगावे, की ज्या प्रश्नाचे उत्तर जवळ मिळते त्यासाठी दूर जाऊ नये. जंगल राखणाऱ्यांना मोबदला कसा द्यावा, हे शिकायला पुष्कळ विद्यार्थी कोस्टारिकाला जातात, आणि तो अनुभव पाहण्यासारखा आहेच : 1996 च्या वनकायद्यानंतर त्या देशाने इंधनावरील कराच्या पैशातून जमीनमालकांना जंगल राखण्याचा मोबदला द्यायला सुरुवात केली आणि 1980 च्या दशकात फार खाली गेलेले वनक्षेत्र आता देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर आहे. पण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तिथली ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेते. कोस्टारिकात मोबदला जमिनीच्या मालकाला मिळतो. मेंढ्यात हक्क साऱ्या गावाचा आहे आणि बांबूचे उत्पन्नही गावाचे. हा फरक समजलेली मुलगी कोस्टारिकाला गेली, तर तिच्या प्रवासाला अर्थ आहे. मेंढा न पाहता जाणाऱ्या मुलीने आधी नागपूर ते गडचिरोली एसटीने जावे. वाटेत पूर्व विदर्भातले जुने मालगुजारी तलाव लागतात, तेही पाहावेत. आणि वेगळी फेरी करून वर्ध्याला मगनवाडीतही जावे, कारण 1934 मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तिथून करणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाला न ओरबाडणाऱ्या, टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी ब्रुंटलँड आयोगाच्या कितीतरी आधी केली.

ज्यांना जायचेच आहे, त्यांनी एकदाच आणि जास्त दिवसांसाठी जावे, तिथला फिरण्याचा भाग रेल्वेने करावा. पाच-सहा दिवसांच्या ‘परिषद-सहली’ मी कोणालाही सुचवत नाही.

प्रश्न : आमची सावनेरजवळ संत्र्याची बाग आहे. मुलाची निवड झाल्याचे ई-मेल आले असून एजंट म्हणतो की आठ दिवसांत अर्धी रक्कम भरा, नाहीतर जागा जाईल. बागेवर कर्ज काढावे का? शासनाची शिष्यवृत्ती मिळते का? (एक पालक)

उत्तर : बागेवर कर्ज काढू नका. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून लगेच नोकरी किंवा पगारवाढ मिळत नाही आणि कर्जाचा हप्ता मात्र लगेच सुरू होतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत, अशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना त्या लागू होत नाहीत. त्यापेक्षा मुलाने यजमान विद्यापीठालाच फी-सवलतीसाठी स्वतः पत्र लिहावे. अनेक विद्यापीठे विकसनशील देशांतील काही विद्यार्थ्यांना पूर्ण किंवा अर्धी सवलत देतात, पण मागणाऱ्यालाच देतात.

एजंटाने घातलेली घाई ही थांबण्याची खूण समजा. विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावर तो अभ्यासक्रम आहे का, फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरता येते का, व्हिसा नाकारला गेला तर ती परत मिळते का, हे तिथल्या प्रवेश कार्यालयाला मुलाने आपल्या ई-मेलवरून विचारावे. जागा खरी असेल, तर हे विचारल्याने ती जात नाही.

शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा) विचार असेल तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असल्याने तीन महिने आधी करणे बरे. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा. बोटांचे ठसे देण्यासाठी मुलाला अर्ज केंद्रावर स्वतः जावे लागेल, म्हणून ती तारीख उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत येत नाही, हे वेळापत्रक लागताच पाहून घ्या.