इंग्रजीत विशेषनाम, सामान्यनाम आणि अनेकवचन कसं ओळखायचं?

मुळात ही तीन एका रांगेतली नाहीत. विशेषनाम की सामान्यनाम हा प्रकाराचा प्रश्न, एकवचन की अनेकवचन हा संख्येचा. त्यामुळे एकच शब्द विशेषनामही असू शकतो आणि अनेकवचनीही, उदाहरणार्थ 'द आल्प्स'.

पहिली खूण कॅपिटल अक्षराची. 'रिव्हर' म्हणजे कुठलीही नदी. 'नाईल' म्हणजे तीच एक. पण वाक्याचा पहिला शब्द कॅपिटलच असतो, तिथे ही खूण कामाची नाही. मग आधी 'अ' लावून बघा. 'अ रिव्हर' चालतं, 'अ नाईल' कानाला खटकतं. वार आणि महिने इंग्रजीत विशेषनामं, म्हणून 'मंडे', 'जून' कायम कॅपिटल. ऋतू मात्र नाहीत, 'समर' साधाच. का, ते विचारू नका! 'मदर'ची गंमत वेगळीच: 'माय मदर' लिहिताना स्मॉल, पण नावासारखं 'आय आस्क्ड मदर' म्हटलं की कॅपिटल.

शेवटच्या 'एस'वर तर अजिबात विसंबू नका. 'पॅरिस', 'मार्स', 'जेम्स' एकवचनीच. 'न्यूज' सामान्यनाम, तरी क्रियापद 'इज'. उलट 'चिल्ड्रन'मध्ये 'एस' नाही, पण ते अनेकवचन. शंका आली तर 'इज' आणि 'आर' दोन्ही लावून बघा, पण 'द युनायटेड स्टेट्स'ला आज 'इज'च लागतं हे लक्षात ठेवून. आणि वर्गात तीन जॉन असतील तर 'थ्री जॉन्स' बिनधास्त म्हणा, कॅपिटल तेवढं ठेवा.