जोरात वाजवलं की आवाज परत येतो

प्रश्न : काका, मी अंबाजोगाईचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. २० वॅटचा वॉल्व्हचा अ‍ॅम्प आणि वेगळ्या डब्यात ८ ओहमचा १२ इंची स्पीकर आहे. घरी आवाज कमी राहावा म्हणून मध्ये ८ ओहमचा जुना अटेन्युएटर घेऊन लावला. तेव्हापासून पंधरा-वीस मिनिटांत आवाज एकदम बसतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. एखादी कॉर्ड जोरात मारली की खर्र होऊन पुन्हा ठीक. अटेन्युएटर खराब निघाला का? विकणारा आता फोन उचलत नाही. अ‍ॅम्प आणि अटेन्युएटर जोडायला सध्या गिटारचीच एक जास्तीची वायर वापरतो.

उत्तर : काका म्हणालास, म्हणून तुला अरे-तुरेच करतो. शेवटची ओळ आधी घेऊ. ती वायर आजच काढ.

गिटारमधून निघणारा सिग्नल व्होल्टाच्या काही दशांशाएवढा. त्याला मधली बारीक तार आणि वरची जाळी पुरते. अ‍ॅम्पच्या मागून मात्र पॉवर निघते. ८ ओहमवर २० वॅट म्हणजे साडेबारा व्होल्ट आणि दीड अँपिअरच्या वर करंट. बारीक तार तापते, आतलं प्लास्टिक मऊ होतं, मग शॉर्ट तरी होते नाहीतर तुटते. तुटली की वॉल्व्हच्या अ‍ॅम्पला लोडच, म्हणजे पॉवर घेणारा स्पीकरच, राहत नाही, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज असं उसळतं की इन्सुलेशन फुटतं.

मी हे करून बसलोय. १९८६ च्या उन्हाळ्यात सेलूजवळच्या एका गावात सप्त्याला आमच्या दुकानाचा वॉल्व्हचा अ‍ॅम्प होता. पहाटे काकड्याच्या वेळी हॉर्नची वायर बैलगाडीच्या चाकाखाली तुटली. आवाज का येत नाही म्हणून मी व्हॉल्यूम वाढवत गेलो. मंडपात जळक्या व्हार्निशचा वास सुटला तेव्हा कळलं. वडिलांनी परभणीला नेऊन ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेतला आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड एमएमची दोन तारांची साधी वायर दोन मीटर घे, दोन्ही टोकांना पी-३८ पिन (गिटारच्या वायरला असते तीच जाड पिन) सोल्डर कर. तिथे जाळीची वायर नकोच. अटेन्युएटरपासून स्पीकरपर्यंतही अशीच.

आता दुखण्याकडे. ‘जोरात मारली की ठीक’ हे तूच लिहिलंयस, आणि अर्धं निदान त्यातच आहे. कुठल्यातरी कॉन्टॅक्टवर गंजाचा पातळ थर बसलाय. हळू सिग्नल त्यातून नीट जात नाही, मोठा सिग्नल तो थर फोडून जातो. असा कॉन्टॅक्ट बहुतेक वेळा सापडतो तो अ‍ॅम्पच्या मागे, जिथे सेंड आणि रिटर्न लिहिलेलं असतं तिथे. इफेक्टचा डबा मध्ये जोडायचे ते जॅक. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये रिटर्नच्या जॅकच्या आत एक पत्ती असते. पिन खुपसलेली नसली की सगळा सिग्नल तिच्यावरूनच पुढे जातो. तू तिथे कधी काही लावलं नसशील, त्यामुळे पत्ती वर्षानुवर्षं जागची हललेलीच नाही. त्यात आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली ओल. स्टेजवर तू सतत जोरात वाजवतोस, शिवाय ढोलकी-ऑक्टोपॅडचा गोंधळ, तिथे हे कळलं नसणार. घरी हळू आणि तासन्‌तास वाजवायला लागलास तेव्हा कळलं. अटेन्युएटर बिचारा फुकट बदनाम झाला असावा.

खात्री करायला अ‍ॅम्पची पेटी उघडू नकोस; आत बंद केल्यावरही तीन-चारशे व्होल्ट साठलेले असू शकतात. आत्ता काढायला सांगितलेली गिटारची वायर शाबूत असेल तर ती सेंडमधून रिटर्नमध्ये लाव. हो, इथे तीच चालते, इथे पॉवर नाही. अर्धा तास हळू वाजव. आवाज बसला नाही तर पत्तीच. मग अ‍ॅम्प बंद करून पिनेवर कॉन्टॅक्ट क्लीनर मार आणि रिटर्नमध्ये पंधरा-वीस वेळा आत-बाहेर कर. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नकोस, त्यावर धूळ आणखी बसते. लग्न उद्यावर असेल तर वायर तशीच राहू दे, वाजवून ये.

तरीही आवाज बसला, तर अ‍ॅम्प बंद करून अटेन्युएटर काढ आणि अ‍ॅम्पच्या ८ ओहमच्या जॅकमधून थेट स्पीकरला जोड. आता बसत नसेल तर मात्र अटेन्युएटरचा फिरता स्विच बघायचा. थेट जोडूनही बसला तर अ‍ॅम्प दुरुस्तीवाल्याकडेच ने.

सगळं ठीक झाल्यावरही हळू आवाजात बास कमी वाटेल, तो बिघाड नाही. कमी आवाजात आपला कानच खालचे सूर कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. बासचं बटण थोडं चढव. आणि अटेन्युएटर गादीवर ठेवू नकोस. अ‍ॅम्पची पॉवर तो उष्णतेत घालवतो, त्याला खालून-वरून हवा लागते.